आतड्याची सूज आणि जोड-उपचार: काय घ्यावं, किती घ्यावं, कधी थांबावं

हळदीचं दूध, गुळवेलीचा काढा, इसबगोल, कोरफड, कपालभाती. घरात कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारे दोन आजार) निघाला की आठवड्याभरात एवढे सल्ले दारात येऊन पडतात. त्यातले दोन-तीन खरोखर उपयोगाचे आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि एक-दोन यकृत बिघडवू शकतात. पंचाईत अशी की सगळेच सल्ले सारख्याच खात्रीने दिले जातात. मात्रा मात्र कुणी सांगत नाही आणि कधी थांबायचं हेही नाही.

इथे सांगितलेलं सगळं ‘जोड’ आहे. डॉक्टरांनी दिलेलं मेसालामाइन (आतड्याच्या सुजेचं औषध), अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी गोळी) किंवा इंजेक्शन चालू ठेवून त्याला लावायची जोड. हळदीच्या अर्काचे ज्या अभ्यासांत चांगले निकाल आले, त्यांतही रुग्णांचं मेसालामाइन किंवा सल्फासालाझिन चालूच होतं. हे लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

आधी फाईल उघडा

आयबीएस (आतड्याची चाल बिघडण्याचा त्रास) आणि आयबीडी (कोलायटिस, क्रोन्स यांचं एकत्र नाव) यांत अक्षर एकच वेगळं आहे, पण आजार पूर्ण वेगळे. आयबीएसमध्ये दुर्बीण घातली तर आतडं स्वच्छ दिसतं. आयबीडीत व्रण दिसतात, सूज दिसते. शेजारच्या काकूंचं पोट ज्या काढ्याने ‘बरं झालं’ ते बहुतेक आयबीएस असतं, म्हणून त्यांचा अनुभव तुम्हाला लागू होत नाही.

फाईलमध्ये चार गोष्टी शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. आजाराचं नाव काय: कोलायटिस की क्रोन्स? आजार कुठवर आहे: फक्त गुदाशय, डावी बाजू, अख्खं मोठं आतडं, की लहान आतड्याचं शेवटचं टोक? कुठे आतडं अरुंद झालंय का, म्हणजे अहवालात ‘स्ट्रिक्चर’ हा शब्द आहे का? आणि बायॉप्सीत, म्हणजे आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीत, क्षयाबद्दल काय लिहिलंय?

शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून जवळजवळ सारखेच दिसतात. क्षय असताना स्टेरॉइड दिलं तर तो पसरतो. त्यामुळे संध्याकाळचा ताप, वजन घटणं, घरात कुणाला पूर्वी टीबी झालेला असणं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायचं. इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, तीही याच कारणाने.

स्ट्रिक्चरचा प्रश्न आहाराच्या आणि इसबगोलाच्या भागात पुन्हा येईल. तिथे त्याच्या उत्तरावरच सगळं अवलंबून आहे.

या दिवशी काढा नको, गाडी काढा

दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तासह संडास, आणि त्यासोबत पुढीलपैकी एक जरी असेल: ताप १०० फॅरेनहाइटच्या वर, नाडी मिनिटाला ९० पेक्षा जास्त, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली. हा तीव्र कोलायटिस समजला जातो आणि तो दवाखान्यात भरती होऊनच सांभाळायचा असतो. आपल्या सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय किंवा पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन दोन्ही असलेलं कोणतंही रुग्णालय चालेल. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या ओळखीच्या डॉक्टरांकडेच जायचं म्हणून अशा अवस्थेत अडीचशे-तीनशे किलोमीटरचा प्रवास करू नका. आधी इथे सलाइन आणि इंजेक्शन सुरू होऊ द्या, मग फोनवर बोला.

पोट फुगून टणक होणं, वारा सरायचा थांबणं, हिरवी उलटी, एका पायाला अचानक सूज: यांतही तेच. पायाची सूज लोक दुर्लक्षित करतात, पण आजार उसळलेला असताना पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

वही: पाच रकाने

जोड-उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसतं लिहायचं. रोज चार आकडे: दिवसा किती वेळा संडास, रात्री झोपेतून उठून किती वेळा, रक्त ० ते ३ (काही नाही, क्वचित रेघ, बहुतेक वेळा, नुसतंच रक्त) आणि घाई ० ते ३. पाचवा रकाना शेऱ्याचा. नोंद अशी दिसते: ‘मंगळवार. ५ / १ / १ / २. लग्नात बटाटेवडा, रात्री साडेबाराला झोप.’

शेऱ्यात गोळ्याही लिहा, विशेषतः दुखण्याच्या. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेनने आजार उसळू शकतो. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पट्टी आणि दहा दिवसांनी सुरू झालेलं रक्त, यांचा संबंध वहीशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल कुणी लिहून दिलं आणि तुमची अझाथायोप्रिन चालू असेल, तर ती गोळी घेण्याआधी दोन्ही डॉक्टरांशी बोला. ही जोडी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली नेते.

आता तपासण्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (सुजेची), यकृताची एसजीपीटी, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन. कॅल्प्रोटेक्टिन हा खरा साक्षीदार. आतड्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जितक्या जास्त जमतात तितका हा आकडा वर जातो. लक्षणं शांत असताना आकडा १५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असेल तर सूज बहुधा शांत आहे. २५० च्या वर असेल तर तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी आत आग आहे. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा द्यावा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डबी स्कूटरच्या डिकीत घालून दुपारभर फिरू नका, त्याच सकाळी प्रयोगशाळेत पोहोचवा. आधीच्या दोन आठवड्यांत डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली असेल तर आकडा फुगतो, तेही सांगा.

या दोन आठवड्यांत काहीच नवं सुरू करायचं नाही. लोकांना हेच जमत नाही.

ताट: सूज असताना एक, शांत असताना दुसरं

सर्वांत मोठी चूक अशी: आजार उसळला तेव्हा डॉक्टरांनी मऊ भात सांगितला आणि रुग्ण तीन वर्षं मऊ भातावरच राहिला. वजन उतरलं, हिमोग्लोबिन ८ वर आलं आणि दोष आजाराला लागला.

उसळलेल्या दिवसांत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, चोथा कमी ठेवायचा. मऊ भात, साल काढलेल्या मुगाचं वरण, शिजवून घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकलेलं केळं, उकडलेलं अंडं, पनीर, वाफवलेला मासा. काळा मसाला, लाल तिखट, मोहरीची फोडणी बाजूला. नुसतं दूध या दिवसांत अनेकांना पचत नाही. घरचं ताजं दही किंवा पातळ ताक बहुतेकांना चालतं, न चालल्यास वही सांगेलच.

प्रथिनं मोजा. सूज असताना वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. आता आपलं ताट पाहा: दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, तीस ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण ७, दोनशे ग्रॅम दही ६-७, दिवसभराच्या भाताचे ८-१०. बेरीज पन्नाशीला टेकते. अंडंही नको, पनीरही नको म्हटलं की निम्मं गेलं. शाकाहारी घरात हा खड्डा कशाने भरायचा ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना आकड्यासकट विचारा. ‘पौष्टिक खा’ एवढ्यावर परत येऊ नका.

आंबील या दिवसांत फार कामाची. दोन मोठे चमचे ज्वारीचं चाळलेलं पीठ शंभर मिली ताकात कालवून झाकून ठेवा. हिवाळ्यात रात्रभर, सोलापूरच्या उन्हाळ्यात सहा तास पुरे. जास्त ठेवली तर आंबटढाण होते आणि पोटात जळजळते. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात हे मिश्रण हळूहळू ओतत ढवळा, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा, मीठ आणि जिरेपूड घाला. लसणाचे तुकडे नकोत. कोमट प्या.

रक्त थांबलं, संडास दिवसाला दोन-तीनवर आली की परतीचा प्रवास सुरू. दर तीन दिवसांनी एकच नवा पदार्थ. आधी ताजी मऊ भाकरी वरणात कुस्करून, पाव भाकरीपासून. मग पालक-चाकवतासारख्या पालेभाज्या देठ काढून, शिजवून. मग अख्खी डाळ. कडक भाकरी शेवटी, तीही आमटीत भिजवून. सर्वांत शेवटी शेंगा चटणी: बारीक कुटलेली, अर्धा चमचा, तेल किंवा दही घालून. शेंगदाणा आतड्याचा शत्रू नाही. उसळलेल्या दिवसांत त्रास देतं ते तिखट. सूज पूर्ण शांत असेल आणि स्ट्रिक्चर नसेल तर ज्वारी, डाळी, भाज्या, फळं असं आपलं साधं जेवण हाच चांगला आहार. त्यातून आठवड्याच्या आठवडे काही वगळत राहण्याला आधार नाही.

स्ट्रिक्चर असेल तर मात्र गणित उलटं. हुरडा, मक्याचं कणीस, पेरूच्या बिया, डाळिंबाचे दाणे, अख्खे शेंगदाणे, मेथीचे देठ, संत्र्याच्या फोडीची साल हे अरुंद जागेत अडकतात. जानेवारीत हुरडा पार्टीनंतर पोट फुगून, उलट्या होऊन कुणी भरती झालं तर तो बहुधा आजार उसळल्याचा प्रकार नसतो, तुंबल्याचा असतो. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं असलं तरी अशांनी रस गाळूनच प्यावा.

उपासाबद्दल. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट आणि मिरची, दिवसभर तेवढंच: उसळलेल्या पोटाला यापेक्षा वाईट दिवस नाही. करायचाच असेल तर मऊ भगर, दही, राजगिऱ्याची लापशी, केळं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ती गोळी उपाशीपोटी नको आणि उपास म्हणून चुकवायची तर मुळीच नाही.

हिमोग्लोबिन गूळ-शेंगदाण्याने वर येत नाही, बिटानेही नाही. सूज चालू असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर शिरेतून लोह देणं हाच सरळ मार्ग. लोहाच्या गोळ्या अनेकांचं पोट बिघडवतात, शिवाय त्यांनी शौच काळं होतं आणि रक्त पडतंय की गोळी बोलतेय हे कळेनासं होतं. स्टेरॉइडच्या काळात दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व लागतं. आपल्याकडे एवढं ऊन, मग ड कसं कमी, असं वाटून तपासणी टाळू नका. कमी निघणारे पुष्कळ असतात.

पाण्याचं एक. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून ते पिंपात आणि हौदात साठतं. अझाथायोप्रिन, स्टेरॉइड किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनी साठवणीचं पाणी खळखळून उकळून प्यावं. जुलाब अचानक वाढले तर लगेच ‘आजार उसळला’ म्हणून स्टेरॉइड वाढवू नका. आधी शौचाची तपासणी, त्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचीही. जंतुसंसर्ग आणि उसळी बाहेरून एकसारखेच दिसतात. उन्हाळ्यात जुलाब असतील तर ओआरएस: पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर साखर घातलीत तर जुलाब वाढतात.

आणि विडी. धूम्रपानाने क्रोन्स हमखास बिघडतो, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उगवतो. कोलायटिसच्या काही रुग्णांना सिगारेट सोडल्यावर उसळी येते हे खरं आहे, पण म्हणून ती पुन्हा धरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

हळद: चमच्याचा हिशेब

जोड-उपचारांत सर्वांत भक्कम बाजू हळदीच्या अर्काची, म्हणजे कर्क्युमिनची, आणि तीही कोलायटिसमध्ये. २००६ च्या एका जपानी अभ्यासात आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत सकाळ-संध्याकाळ एकेक ग्रॅम कर्क्युमिन किंवा नकली गोळी सहा महिने दिली. कर्क्युमिन घेणाऱ्यांत उसळी सुमारे ५ टक्क्यांना आली, दुसऱ्या गटात २० टक्क्यांना. २०१५ मध्ये सौम्य-मध्यम कोलायटिस असलेल्या ५० जणांत मेसालामाइनवर रोज ३ ग्रॅमची जोड दिली, चार आठवड्यांत निम्म्याहून थोड्या जास्त जणांचा आजार शांत झाला. दिल्लीच्या एम्समध्ये मात्र रोज फक्त ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, फरक पडला नाही.

आता स्वयंपाकघरात या. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. एक चमचा हळद तीन ग्रॅम धरली तर तीत कर्क्युमिन नव्वद-शंभर मिलिग्रॅम. दोन ग्रॅमसाठी रोज वीस-बावीस चमचे हळद. ती सांगलीची असो की घरी दळलेली, दुधातून घेतलेला एक चमचा या हिशेबात बसत नाही. चवीसाठी घ्या, औषध म्हणून मोजू नका.

म्हणून घ्यायचं तर ९५ टक्के कर्क्युमिनॉइड असलेलं कॅप्सूल. पहिला आठवडा रोज ५०० मिलिग्रॅम जेवणानंतर, दुसरा आठवडा ५०० दोनदा, तिसऱ्यापासून १ ग्रॅम दोनदा. मळमळ किंवा जुलाब वाढले तर एक पायरी खाली. डबीवर ‘पायपरिन’ (मिरीचा अर्क) किंवा ‘जास्त शोषलं जाणारं’ असं असेल तर ती ठेवून द्या. यकृताला सूज आल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणात मिरीचा अर्क मिसळलेल्या हळदीच्या आहेत. शिवाय आपल्याला औषध हवंय ते आतड्याच्या अस्तरावर, रक्तात जास्त नेऊन करायचं काय? पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर नको. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद. एसजीपीटी सुरुवातीला, चार आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी. लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी थांबवून तपासणी.

इसबगोल

कोलायटिस शांत असताना इसबगोलाचं बी रोज १० ग्रॅम दोनदा घेणाऱ्यांची वर्षभरातली उसळी मेसालामाइन घेणाऱ्यांइतकीच राहिली, असं १९९९ चा १०५ रुग्णांचा स्पॅनिश अभ्यास सांगतो. एकाच अभ्यासावरून मेसालामाइन सोडायचं नसतं, पण जोड म्हणून इसबगोल चांगलं. त्याचा तंतू मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि अस्तराच्या पेशींना तेच इंधन लागतं.

आपल्याकडे मिळते ती भुशी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ५ ग्रॅम मोजून पाहा, म्हणजे चमचा कळेल. पहिले पाच दिवस ३ ग्रॅम, मग ५, मग सोसेल तसं ५ ग्रॅम दोनदा. २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, फुगायची वाट बघायची नाही, वर अजून अर्धा पेला पाणी. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणारे लोक आहेत, ती अन्ननलिकेतच अडकते. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर. पोटात गुबारा धरला तर मात्रा निम्मी.

स्ट्रिक्चर असेल, आजार तीव्र असेल, पोट फुगत असेल तर इसबगोल नाही. या ओळीला अपवाद नाही.

दही, प्रोबायोटिक, कोरफड आणि बाकीचं

कोलायटिसमध्ये ज्या प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जंतूंच्या) मिश्रणाचा उपयोग दिसला ते आठ प्रकारच्या जंतूंचं आहे आणि मात्रा दिवसाला ३,६०० अब्ज जंतूंची होती. मेडिकलमधल्या साध्या कॅप्सूलमध्ये दोन-पाच अब्ज असतात. म्हणजे त्याच गोष्टीचा हजारावा हिस्सा. क्रोन्समध्ये प्रोबायोटिकचा ठोस फायदा दिसलेला नाही. दही अन्न म्हणून खा, औषधाची अपेक्षा त्याच्यावर लादू नका. महागडं मिश्रण घेणार असाल तर ते फ्रिजमधूनच घ्या आणि घरी बर्फाच्या डब्यात न्या. बेचाळीस अंशांत तासभर राहिलेल्या पुडीत जिवंत काय उरलं हे सांगता येत नाही.

कोरफडीचा गर एका छोट्या अभ्यासात १०० मिली दोनदा, चार आठवडे, थोडासा उपयोगी ठरला. पण कुंडीतलं पान कापून घरी काढलेल्या गरात सालीलगतचा पिवळा चीक येतो आणि तो जालीम रेचक आहे. तेव्हा घरचा गर नकोच. माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी क्रोन्सची उसळी टळत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं. होमिओपॅथीला या आजारात भरवशाचा आधार नाही.

पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल, सोनामुखी, त्रिफळा, शंखप्रक्षालन: सूज आलेल्या आतड्यावर यांपैकी काहीही करू नका.

वैद्यांकडे जाताना

सोलापुरात आयुर्वेदाची परंपरा जुनी आहे, शहरात आयुर्वेद महाविद्यालयही आहे. जायचं असेल तर तिथल्यासारख्या शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडे फाईल घेऊन जा आणि घटकांची यादी लिहून मागा. लिहून देत नसतील तर औषध घेऊ नका.

यादीत काय पाहायचं? नावात ‘रस’, ‘भस्म’, ‘पर्पटी’ किंवा ‘सिंदूर’ असेल तर त्यात धातू आहेत. ग्रहणीसाठी, म्हणजे जुनाट जुलाबांसाठी, दिली जाणारी पंचामृत पर्पटी पारा आणि गंधक खलून केलेल्या काळ्या भुकटीवरच (कज्जलीवर) बनते. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. महिनोन्‌महिने घ्यायच्या आजारात ही जोखीम नको. कुटज, बेल, डाळिंबाची साल अशी वनस्पतींची औषधं मागा, एका वेळी एकच.

गुळवेल अजिबात नको. २०२१ पासून मुंबईतून आणि पुढे देशातल्या इतर केंद्रांतून गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. चुकीच्या जातीची वेल वापरली गेल्याचं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. कुंपणावरची वेल कोणती हे तुम्हा-आम्हाला ओळखता येत नाही, आणि ज्या प्रतिकारशक्तीला आपण अझाथायोप्रिनने लगाम घालतोय तिलाच चेतवायचं कशाला? ज्येष्ठमध प्रेडनिसोलोनबरोबर घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. कुटजारिष्टासारख्या अरिष्टांत आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, तो मेट्रोनिडाझोल किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना नको. शल्लकी या झाडाच्या डिंकाचे लहान अभ्यास कोलायटिसमध्ये आशादायक आहेत, पण क्रोन्समध्ये आजार शांत ठेवायला ती उपयोगी पडली नाही.

पिच्छा बस्ती, म्हणजे गुदद्वारातून द्यायचं बुळबुळीत औषध, हा कोलायटिससाठीचा परंपरागत उपचार. तीव्र सूज असताना आतड्याची भिंत ओल्या कागदासारखी झालेली असते, तेव्हा कोणतीही बस्ती धोक्याची. शांत किंवा सौम्य अवस्थेत, पोटविकारतज्ज्ञांना सांगूनच.

आणि नाव नसलेली पुडी. चार दिवसांत रक्त थांबलं, भूक सपाटून लागली, तीन आठवड्यांत चेहरा गोल झाला, साखर वाढली, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या. ती एकदम बंद करू नका. अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड तोवर झोपी गेलेलं असतं आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील.

योग, श्वास, झोप

योगाने व्रण भरत नाहीत. भरतं ते मन, आणि कोलायटिसच्या रुग्णांत याचे चांगले पुरावे आहेत: आठवड्यातून एकदा दीड तास, असे बारा वर्ग केलेल्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं. घरी करायचं तर सकाळी वीस मिनिटं: मार्जारासन, बालासन, भिंतीला पाय टेकून पडणं, शवासन. मग दहा मिनिटं श्वास, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. संध्याकाळी तेवढाच श्वास पुन्हा.

सूज असताना कपालभाती, अग्निसार, नौली, मयूरासन नको, पोटावर दाब येतो. बराच काळ स्टेरॉइड घेतलं असेल तर जोर लावून पुढे वाकणारी आसनं नकोत, मणक्याची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात.

यंत्रमागावर रात्रपाळी असणाऱ्यांना ‘वेळेवर झोपा’ सांगण्यात अर्थ नाही. निदान पाळी दर आठवड्याला बदलू नये एवढं मालकाकडे मागता येतं, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. घाईच्या भीतीने घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बारा आठवड्यांनी

एका वेळी एकच जोड, बारा आठवडे. हळद आणि इसबगोल एकाच सोमवारी सुरू केलं तर फायदा कुणाचा आणि गॅस कुणाचा हे कधीच कळणार नाही.

बाराव्या आठवड्यात सुरुवातीच्याच तपासण्या पुन्हा करा आणि वहीतल्या पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी शेवटच्या दोन आठवड्यांशी ताडा. संडास कमी आणि कॅल्प्रोटेक्टिनही उतरलं तर जोड चालू ठेवा. संडास कमी पण कॅल्प्रोटेक्टिन २५० च्या वरच, तर जोडीवर विसंबू नका, मूळ औषध वाढवायची वेळ आहे. याउलट कॅल्प्रोटेक्टिन शांत आणि पोट मात्र दुखतंच, तर आयबीएससारखा त्रास सोबत आहे. तिथे स्टेरॉइड नको, आहार आणि श्वासाचा भाग उपयोगी. दोन्ही आकडे जागच्या जागी, तर ती जोड बंद करा, पैसे वाचवा, दुसरी घ्या.

सगळे आकडे उत्तम आले म्हणून मेसालामाइन सोडू नका. उन्हाळ्यात त्याच्या गुदद्वारातून घालायच्या बत्त्या मऊ पडतात, पाकीट न फोडता दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवल्या की नीट घालता येतात. ॲडालिमुमॅब या इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत राहावं लागतं, पुण्याहून आणायचं असेल तर थर्मासच्या डब्यात जेल पॅकसह, पण पेन बर्फाला थेट टेकू न देता. गोठलेलं पेन वितळलं तरी टाकून द्यायचं.

गुदाशयापुरता मर्यादित नसलेला कोलायटिस सुरू होऊन आठ वर्षं झाली असतील तर रक्त पडो न पडो, कर्करोगाच्या शोधासाठी कोलोनोस्कोपी लागते. त्याची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर, आजाराच्या नावाखाली लिहून ठेवा.